अडतीस किलो उतरले, झोप मात्र खुर्चीत

डॉक्टर,
मी ४३ वर्षांची. घोडबंदर रोडला राहते, महाप्याला एका कंपनीत अकाउंट्सला आहे. तीन वर्षांपूर्वी माझं वजन कमी करण्याचं ऑपरेशन झालं, स्लीव्हचं. ११६ किलोंची मी आज ७८ वर आहे. शुगरच्या दोन्ही गोळ्या बंद झाल्या, गुडघे दुखायचे थांबले, ठाणे स्टेशनचा जिना न थांबता चढते. सगळे कौतुक करतात. सुटलेलं पोट दिसू नये म्हणून पट्टा बांधते, त्यामुळे साडीही छान बसते. पण गेलं वर्षभर रात्री आडवं झालं की घशाशी पाणी येतं. कधी झोपेतच तोंडात येतं आणि ठसका लागून उठते. दिवसा करपट ढेकरा. ऑफिसात घसा खाकरत बसते. केमिस्टकडून पित्ताची गोळी आणून रोज घेते, कधी दोन. पाच महिने झाले, हॉलमधल्या आरामखुर्चीत झोपते. घरात सांगितलंय की मिस्टरांच्या घोरण्याने झोप मोडते. सासूबाई म्हणतात, “देवाने दिलेलं पोट कापून घ्यायला कोणी सांगितलं होतं?” हॉस्पिटलमध्ये दाखवायला जाते तेव्हा काट्यावर उभं करतात, “एक्सलंट” म्हणतात, आणि पुढे काही सांगायला माझं तोंडच उघडत नाही. एवढा खर्च करून एवढं चांगलं झाल्यावर तक्रार कसली करायची? वाचलं की दुसरं ऑपरेशन करून जठराचा बायपास करतात. करावं का? की माझं पहिलंच चुकलं? सोबत रिपोर्ट जोडते आहे.
– एक वाचक, ठाणे


ताई,

रिपोर्ट मिळाले. सहा पानं आहेत. तीन महिन्यांची सरासरी साखर ९.४ वरून ५.८ वर, कोलेस्टेरॉल जागेवर, वजनाचा आलेख नाकासमोर खाली उतरत गेलेला. आरामखुर्ची मात्र त्यात कुठेच नाही. पाच महिने एक बाई बसून झोपते आहे. माझ्या लेखी हे त्या सहा पानांतल्या कुठल्याही आकड्याइतकं महत्त्वाचं आहे, आणि ते तुम्ही सर्जनपासून लपवलंत, घरच्यांपासून लपवलंत आणि बिचाऱ्या नवऱ्याच्या घोरण्यावर ढकलून मोकळ्या झालात.

पहिलं ऑपरेशन चुकलं का, याचं उत्तर आधी देते, म्हणजे पुढचं शांतपणे वाचाल. नाही चुकलं. साखर ९.४ वर ठेवून पंधरा वर्षं काढली की डोळ्यांचं, मूत्रपिंडांचं, पायांच्या बोटांचं काय होतं ते मी नौपाड्यातल्या दवाखान्यात तीस वर्षं पाहिलंय. पण ऑपरेशन चुकलं नाही, म्हणून त्याच्यामागून आलेला त्रास मुकाट सोसायचा हे कोणी ठरवलं? मुलीला चांगलं घर मिळालं, म्हणून तिने दातदुखीही सांगू नये असं आपण म्हणतो का? (थोडं म्हणतो, मला माहीत आहे.)

हा त्रास होतो कसा ते एकदा समजून घ्या. स्लीव्ह म्हणजे बाही. जठर ही एरवी ढगळ पिशवी असते, वर डावीकडे फुगवटा असलेली. जेवण आत आलं की तो फुगवटा सैल पडून जागा करून देतो, त्यामुळे आतला दाब फारसा वाढत नाही. तुमच्या ऑपरेशनमध्ये तो फुगवटा आणि त्याच्या खालची बाहेरची कड धरून जठराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग काढून टाकला. भूक वाढवणारं घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः त्याच भागात तयार होतं, म्हणून तुमची भूक मंदावली. उरली ती चुडीदारच्या बाहीसारखी अरुंद नळी. ती सैल पडत नाही. तिचं खालचं दार, म्हणजे आतड्यात उघडणारी झडप, पहिल्यासारखीच आहे आणि आपल्या वेळेलाच उघडते. दोन घास जास्त झाले, घाईत गेले, वरून ग्लासभर पाणी प्यायलं की नळीतला दाब वाढतो, आणि दाबाला वाट मिळते ती वरच्या बाजूने.

वरचं दार तर आधीच नाजूक. अन्ननलिका जठराला तिरकी येऊन मिळते. त्या कोनामुळे तिथे आपोआप एक पडदा तयार होतो आणि आम्ल वर यायला अडवतो. फुगवटा कापताना तो कोन बऱ्याचदा उलगडतो. शिवाय उरलेल्या नळीत आम्ल तयार करणाऱ्या पेशी आहेतच. म्हणजे हे प्लंबिंग आहे, ताई. तुम्ही काही चुकीचं खाल्लंत म्हणून हे झालेलं नाही, आणि ‘देवाने दिलेलं’ कापल्याची ही शिक्षाही नाही.

हे आता सर्जनमंडळींनाही नीट माहीत आहे. फिनलंडमध्ये २००८ ते २०१० या काळात २४० रुग्णांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी वाटणी करून निम्म्यांना स्लीव्ह आणि निम्म्यांना बायपास ठरवून दिलं. दहा वर्षांनी त्यांच्या अन्ननलिका दुर्बिणीतून पाहिल्या आणि निष्कर्ष २०२२ साली छापून आले. अन्ननलिकेला दाह झालेले लोक स्लीव्हच्या गटात ३१ टक्के निघाले, बायपासच्या गटात ७ टक्के. ‘बॅरेट’ नावाचा जो बदल असतो, ज्यातून क्वचित पुढे कर्करोग होऊ शकतो, तो मात्र दोन्हीकडे सारखाच होता, ४ टक्के. तुम्ही मोबाईलवर बॅरेटबद्दल वाचून रात्र काढली असणार, म्हणून हा आकडा मुद्दाम दिला. स्वित्झर्लंडच्या अशाच अभ्यासात, ज्यांना आधीपासून जळजळ होती त्यांच्यातल्या जवळजवळ ३२ टक्क्यांची ती स्लीव्हनंतर वाढली, बायपासनंतर सहाएक टक्क्यांची.

या दोन्ही अभ्यासांत जीवनमानाचेही प्रश्न विचारले होते आणि दोन्ही गटांत मोठा फरक दिसला नाही. मला हे पटतं. गुडघे हलके झाले, साखर उतरली, बसमध्ये एका सीटमध्ये मावता येऊ लागलं, ही तराजूची एक बाजू इतकी जड असते की दुसऱ्या बाजूची जळजळ सरासरीत दिसेनाशी होते. पण सरासरी काढलेला माणूस आरामखुर्चीत झोपत नाही. तुम्ही झोपता.

आता तुमच्या पत्रातलं एक वाक्य, जे तुम्ही सहज लिहून गेलात: पोटाचा पट्टा. ३८ किलो उतरल्यावर कातडी लोंबते, साडीत विचित्र दिसतं, कोणीतरी पट्टा सुचवतं. समजू शकते. पण तो पट्टा सकाळी आठ ते रात्री नऊ पोटावर बाहेरून दाब देत असतो. दाब सहन होत नाही अशी नळी आत, आणि बाहेरून आपणच ती आवळतो आहोत. स्कॉटलंडमध्ये कसलीही तक्रार नसलेल्या लोकांना कमरेला घट्ट पट्टा बांधून पाहिलं, तर त्यांच्याही जठराचं तोंड वर सरकलं आणि आम्ल वर आलं. तेव्हा पट्टा आजच काढा. परकराची नाडीही बेंबीवर आवळून बांधायची सवय असेल तर खाली घ्या, किंवा इलॅस्टिकचा परकर वापरा. सुटलेल्या कातडीचा प्रश्न वेगळा आहे, त्यावर पुन्हा कधीतरी लिहीन. साडी थोडी कमी छान बसेल, त्याला इलाज नाही.

दुसरी गोष्ट तुमच्या घड्याळाची. महाप्याहून सुटायचं, ट्रान्स-हार्बरने ठाण्याला यायचं, मग कापूरबावडीपासून मानपाड्यापर्यंत बस जी रांगते ती रांगते. घरी पोचायला साडेआठ-पावणेनऊ. कुकर लावायचा, सगळ्यांना वाढायचं, स्वतः दहाला बसायचं आणि अकराला आडवं व्हायचं. बरोबर ना? पत्रात नव्हतं, पण घोडबंदरच्या अर्ध्या घरांत हेच चालतं. जेवण आणि झोप यांत तीन तास हवेत. रात्री दहाचं जेवण ही अट मोडतं, आणि सात वाजता घरी जेवणं तुम्हाला या जन्मी जमणार नाही. मग जेवणच पुढे आणा. तुमचं मुख्य संध्याकाळचं खाणं ऑफिसातून निघण्याआधी, साडेसहाला, डब्यातून. पनीर, उसळ, दोन उकडलेली अंडी, मऊ पोळीचा एक तुकडा, जे सोसतं ते. प्रथिनांचा दिवसाचा ६० ग्रॅमचा हिशेब यात पुढे सरकतो. घरी आल्यावर सगळ्यांबरोबर बसायचं म्हणून वाटीभर मुगाचं कढण, तेही नऊच्या आत. मुलांना वाढताना उभ्याउभ्या टाकलेले घास मोजायला विसरू नका, तेही घासच असतात.

जेवताना पाणी नको आणि नंतरही अर्धा तास नको, हे हॉस्पिटलच्या झेरॉक्स कागदावर असेलच. सोडा, जीरा सोडा आणि ती फसफसणारी पावडर बंद. ढेकर आली की बरं वाटतं हे खरं, पण तो वायू तुमच्या अरुंद बाहीत फुगतो आणि ढेकरेबरोबर आम्लही वर आणतो. पुदिन्याच्या गोळ्या चघळू नका, पुदिन्याने वरचं दार सैल पडतं. रात्रीच्या थंड दुधाचं म्हणाल तर ते पंधरा मिनिटं शांत करतं आणि मग जठराला आणखी आम्ल करायला लावतं. सासूबाईंचा मोरावळा आणि कोकमाचं आगळ प्रेमाने दिलेले असतील, पण आंबटावर आंबट कशाला? सूतशेखर हे आयुर्वेदिक औषध चालू असेल तर तेही सर्जनना सांगा, लपवू नका.

मिसळीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी ठाण्यात राहून तो प्रश्न मनात नसेल असं मी मानत नाही. तिखटाने प्रत्येकाला त्रास होतोच असं नाही. मामलेदारची मिसळ तुम्हाला तीन वर्षांत आठवूनच रडू येत असेल तर एखाद्या रविवारी सकाळी अकराला, मध्यम, तर्री बाजूला ठेवून, पाच-सहा चमचे खाऊन बघा, आणि त्या रात्री काय झालं ते लिहून ठेवा. उपाशीपोटी घेतलेला सकाळचा कडक चहा आणि रात्री दहाचा वरणभात यांनी तुमचं जास्त नुकसान केलं असण्याची शक्यता आहे. वरणभातावर कोणी संशय घेत नाही, म्हणून तो सुटतो.

आता शब्दांचा एक घोळ सोडवू. आपण मराठी माणसं सगळ्यालाच पित्त म्हणतो. डोकं दुखलं पित्त, अंगावर गांधी उठल्या पित्त, छातीत जळजळ पित्त. डॉक्टरी भाषेत पित्त म्हणजे यकृतातून आतड्यात येणारा हिरवा-पिवळा कडू रस, आणि तुम्ही ज्याच्याबद्दल लिहिताय ते बहुधा जठरातलं आम्ल. तुमच्या बाबतीत हा फरक फार कामाचा आहे, कारण गोळी आम्ल कमी करते, पित्तरस नाही. तर रात्री तोंडात येतं ते आंबट असतं की कडू? रंग असतो का? न पचलेलं अन्न येतं का? हे तीन प्रश्न तुमचे सर्जन विचारोत न विचारोत, उत्तरं तयार ठेवा.

आणि त्या गोळीचं. केमिस्ट जी देतो ती बहुधा पॅन्टोप्राझोल किंवा तिच्या बहिणींपैकी एक असणार. वाईट नाही ती. पण ती जळजळ झाल्यावर घ्यायची नसते. आम्ल बनवणारे पंप जेवणाने सुरू व्हायच्या आधी ती रक्तात पोचलेली हवी, म्हणजे सकाळी चहाच्याही आधी, खाण्यापूर्वी अर्धा ते एक तास. जेवल्यानंतर दोन घेण्यापेक्षा जेवणाआधी एक जास्त काम करते. रात्रीच्या त्रासासाठी संध्याकाळच्या खाण्याआधी दुसरी लागते का, हे डॉक्टरांना ठरवू द्या. पाकिटावर गोळीच्या नावापुढे ‘डी’ असेल तर त्यात बहुधा डोम्पेरिडोन असतं. ते हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडवू शकतं, तेव्हा ती महिनोन्‌महिने मनाने घेण्याची गोष्ट नाही. गोळी एकदम बंदही करू नका, आम्ल काही दिवस उसळून येतं आणि तुम्हाला वाटेल की आता आपण जन्माच्या गोळीवाल्या झालो.

स्लीव्ह आणि रोजची आम्लाची गोळी, दोन्ही मिळून बी-१२ आणि लोह शरीरात शिरायला अडथळा करतात, दीर्घकाळ घेतल्यास मॅग्नेशियमही कमी होऊ शकतं. तुमच्या सहा पानांत बी-१२ दोन वर्षांपूर्वीचं आहे. ते पुन्हा करा, सोबत फेरिटिन, म्हणजे लोहाचा साठा, आणि ड जीवनसत्त्व. कॅल्शियमची गोळी घेत असाल तर तिच्यावर ‘कार्बोनेट’ लिहिलंय की ‘सायट्रेट’ ते बघा. कार्बोनेट विरघळायला आम्ल लागतं, आणि आम्ल तर आपण गोळीने दाबून ठेवलंय. सायट्रेटला ते फारसं लागत नाही.

पण हे सगळं मी सांगितलं आणि तुम्ही तसं करून पुढची पाच वर्षं काढलीत, तर ते मला चालणार नाही. तुम्हाला एंडोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीतून आतली तपासणी, हवी आहे. पुढच्या महिन्यात, पुढच्या वर्षी नव्हे. लठ्ठपणाच्या शस्त्रक्रियांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० साली सांगितलंय की स्लीव्हनंतर एका वर्षाने आणि पुढे दर दोन-तीन वर्षांनी ती करावी, त्रास असो वा नसो. कारण जळजळ आणि जखम यांची जोडी जुळतेच असं नाही. कोणी रात्रभर तळमळतो आणि अन्ननलिका गुळगुळीत, कोणी म्हणतो मला काहीच नाही आणि आत सोललेलं. तुमचे तीन वर्षांचे कागद मी दोनदा उलटले, त्यात एंडोस्कोपी एकदाही नाही.

तपासणी अवघड नाही. रात्रीपासून उपाशी राहायचं, घशात स्प्रे किंवा थोडी गुंगी, आत फार तर दहा-पंधरा मिनिटं. गुंगी घेतलीत तर त्या दिवशी सोबत कोणीतरी हवं आणि ऑफिसला दांडी. रिपोर्टमध्ये ‘दाह आहे’ एवढंच असून चालत नाही. तो ए, बी, सी, डीपैकी कुठल्या श्रेणीचा आहे (ए सर्वात सौम्य, डी सर्वात तीव्र), जठराचा वरचा भाग श्वासपटलातून छातीत सरकलाय का, म्हणजे हायाटस हर्निया आहे का, बाहीला मध्ये वळणावर मुरड किंवा पीळ पडलाय का, आत पित्तरस साचलेला दिसला का, हे लिहून घ्या. मुरडीचा संशय असेल तर बेरियम पाजून एक्स-रे काढतात. चित्र तरीही स्पष्ट झालं नाही तर नाकातून बारीक नळी घालून २४ तास आम्लाची मोजदाद करतात. ही तपासणी सगळीकडे होत नाही, पण दुसऱ्या ऑपरेशनचा विचार असेल तर मी तिच्यासाठी आग्रह धरीन.

एवढं का करायचं? कारण इलाज वेगवेगळे आहेत. वळणावर अरुंद झालं असेल तर दुर्बिणीतून फुगा घालून रुंद करता येतं. हर्निया असेल तर तो दुरुस्त करता येतो, कधी एकटा, कधी बायपासबरोबर. यातलं काहीच नसेल आणि गोळ्या नीट घेऊन, पट्टा सोडून, घड्याळ बदलून तीन-चार महिन्यांत खुर्ची सुटली, तर ऑपरेशनचा विषय मिटला. एरवी आम्लासाठी जठराच्या फुगवट्याचा मफलर अन्ननलिकेभोवती गुंडाळण्याची एक शस्त्रक्रिया असते. ती तुम्हाला सहसा नाही करता येणार, कारण गुंडाळायला मफलरच उरलेला नाही. म्हणून तुमच्यासारख्यांच्या बाबतीत शेवटी बायपासचं नाव निघतं.

बायपासमध्ये अन्ननलिकेखाली जेमतेम दोन मोठे चमचे मावतील एवढी पिशवी ठेवतात आणि तिला थेट आतडं जोडतात. आम्ल बनवणारा मोठा भाग वाटेतून बाजूला होतो, पित्तरस सुमारे मीटरभर किंवा त्याहून खाली येऊन मिळतो, आणि दाबही उतरतो. स्लीव्हनंतर न आवरणाऱ्या आम्लासाठी तो आज सर्वात भरवशाचा इलाज आहे, बहुतेकांना उतार पडतो. सगळ्यांना नाही. आणि फुकट काही मिळत नाही. दुसरं ऑपरेशन पहिल्यापेक्षा अवघड असतं. लोह आणि बी-१२ आणखी खाली जातात, जीवनसत्त्वं जन्मभर. अंगदुखीच्या नेहमीच्या गोळ्या आणि तंबाखू, मिश्रीसुद्धा, कायमची बंद, नाहीतर जोडावर अल्सर होतो. गणपतीत एक मोदक जास्त झाला की छातीत धडधड, घाम, चक्कर, असं होऊ शकतं. ‘मिनी बायपास’, म्हणजे आतड्याचा एकच जोड असलेलं ऑपरेशन, सोपं आहे म्हणून कोणी सुचवलं तर लगेच विचारा: त्यात पित्तरस वर येण्याची शक्यता राहते ना? माझ्यासाठी ते का निवडताय? चांगला सर्जन या प्रश्नाने रागावत नाही. विम्याची चौकशी करताना सर्जनच्या पत्रात कारण स्पष्ट लिहून घ्या. ऑपरेशन वजनासाठी नसून एंडोस्कोपीत सिद्ध झालेल्या दाहासाठी आहे, हे कागदावर असू द्या.

सी किंवा डी श्रेणी निघाली, किंवा नीट घेतलेल्या गोळीनेही रात्री तोंडात पाणी येतच राहिलं, तर मी बायपासच्या बाजूने बोलेन. आज नाही. आज तुमच्याकडे एकही फोटो नाही आतला.

पुढच्या भेटीत “बरी आहे” म्हणणं बंद. काट्यावर चढण्याआधीच कागद पुढे करा. आठवड्यातून किती रात्री उठते, किती गोळ्या लागतात, कुठे झोपते. या त्रासासाठी जगभर वापरली जाणारी दहा प्रश्नांची एक यादी आहे, प्रत्येकाला शून्य ते पाच गुण. त्यातला एक प्रश्न असा: छातीतल्या जळजळीने झोपेतून जाग येते का? म्हणजे तुमची खुर्ची ही रडगाणं नाही, मोजायची गोष्ट आहे. ओपीडीत चार मिनिटं मिळतात, त्यातलं एक मिनिट “एक्सलंट”मध्ये जातं. उरलेल्या तीनांत कागद बोलतो, आपण नाही बोलू शकत.

काही गोष्टींना मात्र अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही. घास अडकायला लागला, उलटीत रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखं काही दिसलं, शौचाला डांबरासारखं काळं झालं, वजन कारणाशिवाय पुन्हा उतरायला लागलं, तर त्याच दिवशी. उलट्या आठवडाभर थांबल्या नाहीत आणि दोन-दोन दिसायला लागलं किंवा चालताना झोक जायला लागला, तर बी-१ जीवनसत्त्व संपलेलं असू शकतं, ते तातडीने शिरेतून द्यावं लागतं. आणि छातीत दुखून घाम फुटला, हात किंवा जबडा भरून आला, तर ते आम्ल आहे असं समजू नका. वर्तकनगरचे एक रिक्षावाले माझ्याकडे “गॅस झालाय, सोडा पिऊन आलोय” म्हणत आले होते, मी ईसीजी काढला आणि त्यांच्याच रिक्षात त्यांना मागे बसवून, दुसऱ्याला चालवायला लावून हॉस्पिटलला नेलं. वाचले. तुम्हाला पूर्वी मधुमेह होता, हे तुमच्या बाबतीत विसरायचं नाही.

सासूबाईंना काय सांगायचं? खरं तर तेच, जे मला सांगितलंत. त्या चिडतील, “मी म्हटलंच होतं” म्हणतील, एक दिवस म्हणतील, दोन दिवस म्हणतील. पण साडेसहाला डब्यात खायचं असेल, नऊनंतर तुमच्या ताटात आग्रहाने काही पडायला नको असेल, तर त्यांना माहीत असावं लागेल. अंधारात त्यांच्याकडून मोरावळाच येत राहणार. मिस्टरांना तर आज रात्रीच सांगा. घोरण्याचा आळ पाच महिने डोक्यावर घेऊन तो माणूस बहुधा कुशीवर झोपायची प्रॅक्टिस करत असेल.

आणि त्यांना एक काम द्या. तुम्हाला पलंगावर परत यायचंय, पण सपाट नाही. डोक्याकडची बाजू सहा ते आठ इंच उंच हवी, आणि झोपायचं डाव्या कुशीवर. त्या कुशीवर जठर अन्ननलिकेच्या खाली राहतं. जुन्या पलंगाला डोक्याकडच्या दोन पायांखाली विटा लावल्या की काम होतं, आणि विटांची घोडबंदरला कमी नाही, शेजारच्या साइटवरचा वॉचमनसुद्धा दोन देईल. पण तुमचा पलंग खालून स्टोरेजवाला, बिनपायांचा असेल तर तिथे विटा लागायच्या नाहीत. मग गादीवाल्याकडून कडक फोमचा तिरपा तुकडा कापून घ्या, डोक्याकडे आठ इंच आणि कमरेपर्यंत उतरत शून्य. उशांवर उशा रचू नका, त्याने मान वर जाते, पोट दुमडतं आणि आम्लाला उलट मदतच होते. ऑर्डर देताना ‘उशी’ हा शब्द वापरू नका, ‘उतार’ म्हणा, नाहीतर तो तुम्हाला लोड शिवून देईल.